बरोबरीचं स्थळ

हलीमाला आर्णीत नावानं हाक मारणारी एकच बाई उरली होती, शेजारची कुंदा. बाकी सगळ्या गावासाठी ती बीबी. मशिदीसमोरचा चहावाला असो की गल्लीत नव्यानं आलेली सून असो, हलीमा समोरून आली की त्यांचा आवाज खाली जाई आणि मान थोडी लवे. लेकराला दृष्ट लागली, ताप उतरेना, दूध टाकायला लागलं, की आया त्याला खांद्यावर घेऊन हलीमाच्या दारात येत. हलीमा हातपाय-तोंड धुऊन वजू करी, ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत म्हणे आणि लेकराच्या कपाळावर फुंकर घाली. ती काही हकीम नव्हती, मदरशात शिकलेली नव्हती. ती सय्यदाची लेक होती, आणि येणाऱ्या बायांना तेवढं पुरे होतं.

घर म्हणाल तर तीन खोल्यांचं, वर टिनाचं छप्पर. धाकटा भाऊ जफर बाजाराच्या मागे मोटर वाइंडिंगचं दुकान चालवायचा. जळालेला शेतपंप उघडायचा, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारून उन्हात ठेवायचं. त्याच्या बोटांचा वार्निशचा वास आंघोळीनंतरही जात नसे. पण खेड्यातून पंप घेऊन आलेला माणूस त्या काळ्या बोटांच्या माणसाला 'सय्यदसाहेब' म्हणायचा आणि बाकड्यावर बसायच्या आधी परवानगी मागायचा.

हे सारं वडिलांपासून आलेलं. वडील करामत अली तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहीत. मिळकत पोटापुरती, कधी तेवढीही नाही. पण घरात बोलायची रीत अशी, की चार वर्षांच्या पोरालाही 'जफरमियाँ, जेवून घ्या' म्हणायचं. आपलं घराणं थेट पैगंबरांच्या लेकीपासून निघालं, असं सांगताना अब्बांची पाठ ताठ होई आणि त्यांच्या कोटाची विरलेली कोपरं कोणाच्या ध्यानात येत नसत. शजरा, म्हणजे पिढ्यांपिढ्यांची वंशावळ, बऱ्हाणपूरच्या नातेवाइकांकडे आहे असं ते म्हणत. तो कोणी पाहिला नव्हता. पाहायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

हलीमा विशीत होती तेव्हा दिग्रसच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांकडून तिला मागणी आली. माणूस शिकलेला, नोकरीतला, तोंडानं गोड. हलीमानं त्याला पडद्याआडून एकदा पाहिलं होतं. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरत होता, हिवाळा असल्यासारखा. अब्बांनी त्याच्या मामाला फक्त एवढंच विचारलं, "कोण लोक आपण?" मामा म्हणाले, "शेख." अब्बांनी त्यांना अजून एक कप चहा पाजला, अत्तर लावलं, दारापर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "सय्यदाची लेक उतरून द्यायची नसते."

पुढे सय्यदांची स्थळं आली. एकाला गोरी मुलगी हवी होती, एकाला शहरातली. एक जण पन्नाशीचा निघाला, त्याला अब्बांनीच नको म्हटलं. मग स्थळं येणं कमी झालं आणि एक दिवस थांबलं. हलीमाला कळलंही नाही ते कोणत्या वर्षी थांबलं. शेवटच्या आजारात अब्बांनी तिला उशाशी बसवलं आणि डोक्यावर हात ठेवला. "हलीमाबी, तुम्ही माझी मान खाली जाऊ दिली नाही," ते म्हणाले. तो हात हलीमाच्या डोक्यावरून कधी उतरला नाही.

जफरची बायको वारली तेव्हा त्यांची लेक गझाला दुसरीत होती. तिची वेणी घालायला, शाळेचा डबा द्यायला, परीक्षेत जागायला फुफीच, म्हणजे आत्याच होती. गझाला बी. ए. झाली, बी. एड. झाली, खाजगी उर्दू शाळेत शिकवायला लागली. आता तिची तिशी जवळ आली होती. सय्यदांची दोन-तीन स्थळं येऊन गेली होती. कोणाला तिचं वय जास्त वाटलं, कोणाला मुलीचा बाप मोटरी दुरुस्त करतो हे पटलं नाही.

आणि मग सोयाबीनची मळणी चालू होती त्या दिवसांत तनवीरची मागणी आली.

तनवीर बारावीपर्यंत गझालाच्या वर्गात होता. आता मुकुटबनकडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कामाला होता, शनिवारी घरी यायचा. निर्व्यसनी पोरगा. बोलणं कमी. त्यानं लपूनछपून काही केलं नाही, सरळ आईला पाठवलं. पण त्याचे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या दारात बसून कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. त्यांनी सय्यदांच्या या घरातल्याही गाद्या भरल्या होत्या, आणि त्यांना पाणी वेगळ्या पेल्यातून मिळालं होतं. हे हलीमाला आठवत होतं. तो पेला तिनेच नेऊन दिला होता.

तनवीरची आई जैतुनबी आली ती नवी ओढणी डोक्यावर नीट घेऊन, हातात मिठाईचा पुडा धरून. जफरनं खुर्ची पुढे केली. जैतुनबीनं खुर्चीकडे पाहिलं, मग पलंगावर बसलेल्या हलीमाकडे पाहिलं, आणि चटईवर हलीमाच्या पायाशी बसली.

"वर बसा," हलीमा म्हणाली.

"इथीच बरं हाये, बीबी," जैतुनबी म्हणाली. "मी तुमच्या घरी काय मागाले आली, हे मलेच सांगाची लाज वाटून राह्यली. पन पोराचं मन हाये. तुमची पोरगी माया घरात आली तं मी तिले जमिनीवर पाय ठेवू देनार नाई."

हलीमानं "विचार करून कळवू" म्हटलं. आतल्या खोलीत गझाला उभी होती. तिचा चेहरा इतका उजळला होता की हलीमाला ती दुसरीतली गझाला आठवली, शाळेतून पहिला नंबर घेऊन पळत आलेली. त्या दिवशी हलीमाच्या मनात नकार नव्हता. हे खरं आहे. ती स्वयंपाक करताना स्वतःशीच म्हणाली, जमाना कुठून कुठे गेला, पोरीचं सुख कशाला अडवायचं. संध्याकाळी कुंदा आली तेव्हा तिनं कुंदालाही सांगितलं.

कुंदा पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली, लहानपणापासूनची शेजारीण. तिनं हलीमाचा हातच धरला. "लय चांगलं झालं, हलीमा. पोरगं सोन्यासारखं हाये. आमच्या पुतण्याची, श्रीकृष्णाची म्हैस त्यानंच वाचवली. तू होय म्हन, मागंपुढं पाहू नको."

"पाहते," हलीमा म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज करून जफर घरी आला. जेवण झालं, हात धुतले. गझाला दाराशी उभी राहिली. जफर पलंगावर हलीमाजवळ बसला.

"आपा, मी होय म्हणून राह्यलो त्यांले," तो म्हणाला. "पण पोरगी तुम्ही वाढवली. तुमच्या मर्जीबिगर मी एक पाऊल टाकणार नाही."

हलीमाच्या ओठांवर हो आलंच होतं. तेवढ्यात जफर पुढे बोलला. बहिणीला सोपं जावं म्हणूनच बोलला बिचारा.

"अन् सय्यद काय, पिंजारी काय, आपा. त्यात ठेवलंय काय? नावापुरतं हाये सारं. मी दिवसभर तार गुंडाळतो, तो ढोरं तपासतो. जुन्या लोकांचे खेळ होते ते."

हलीमा त्याच्याकडे पाहत राहिली. त्यात ठेवलंय काय. जुन्या लोकांचे खेळ. दोन्ही हातांनी कप धरणारा तो माणूस तिला दिसला, ज्याचं नावही तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या ईदा दिसल्या, ज्यात तिनं इतरांच्या लेकरांना नवे कपडे घातले. पलंगाच्या त्याच बाजूला रोज झोपणं, नवऱ्याच्या नाही, भावाच्या घरी म्हातारं होणं. हे सगळं तिनं कशासाठी केलं होतं? मोठ्या गोष्टीसाठी केलं होतं. ती गोष्ट मोठी होती म्हणून तर सोसवलं. जफरनं जर म्हटलं असतं, आपा, खानदान मोठं आहे, पण पोरीसाठी आपण ते बाजूला ठेवू, तर हलीमानं ते स्वतःच्या हातानं बाजूला ठेवलं असतं. पण तो म्हणाला, त्यात काही नव्हतंच.

"नाही," हलीमा म्हणाली.

जफरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणता, आपा?"

"पिंजाऱ्याच्या घरी सय्यदाची लेक जाणार नाही. अब्बांच्या कबरीवर पाय देऊन द्यायची असेल तर द्या. मग मला मात्र विचारू नका."

दाराशी उभी असलेली गझाला एक पाऊल पुढे आली. "फुफी?" एवढंच म्हणाली ती. विश्वास बसत नसल्यासारखं. हलीमानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द परत घ्यावा लागला असता.

जफरनं गुडघ्यांवर हात टेकले. बायको गेल्यावर या बहिणीनं त्याचं घर उभं ठेवलं होतं. तिच्यासमोर त्याचा आवाज कधी चढला नव्हता, आजही चढला नाही. तो उठला, चपला घातल्या आणि जैतुनबीच्या घरी नकार सांगायला गेला.

कुंदाला कळलं तेव्हा ती तशीच ओल्या हातानं आली. "काहून नाई म्हनली तू? काल तं हसून राह्यली होती!"

"आमच्यात चालत नाही," हलीमा म्हणाली.

"चालत नाई म्हंजे काय? तुयं नाई चाललं तं तू पाह्यलं ना काय झालं थे. आता पोरीले कायले त्याच विहिरीत ढकलतं?"

"कुंदा, तू घरी जा," हलीमा म्हणाली. एवढ्या वर्षांच्या ओळखीत असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. कुंदा गेली.

गझाला रडली नाही. तिनं भांडण केलं नाही, जेवण सोडलं नाही. तनवीरनं तिला फोनवर म्हटलं होतं की आपण यवतमाळला जाऊन कोर्टात लग्न करू. ती नाही म्हणाली. फुफीनं मला वाढवलं, तिला गावात तोंड दाखवता येणार नाही असं मी करणार नाही, असं म्हणाली. हे हलीमाला जफरकडून कळलं, आणि ते ऐकून तिला पहिल्यांदा अभिमान वाटला. रक्त बोलतं, असं तिच्या मनात आलं.

पण मग गझाला बदलत गेली. शाळेतून आली की पूर्वी ती पोरांच्या नकला करून दाखवायची, स्वयंपाकघरात येऊन पातेल्यातलं चाखायची. आता ती येई, बुरखा खुंटीला लावी, हात धुई आणि विचारी, "काय करायचं आहे?" सांगितलेलं काम करी. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच हलीमाला काही बोलता येईना. रंगीत ओढण्या गझालानं पेटीत ठेवून दिल्या. हलीमासारखी पांढरी ओढणी घ्यायला लागली. संध्याकाळी फुफीच्या शेजारी बसून तस्बीहची माळ ओढायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्या बाया म्हणत, "पोरगी कशी बीबीवर गेली पाहा." हलीमाला ते आधी बरं वाटलं. काही दिवसांनी बरं वाटेना.

कापूस वेचणीचे दिवस आले. थंडीनं हलीमाचा घसा बसला, अंगात ताप भरला. ती रजई घेऊन पडली होती तेव्हा पलीकडच्या गल्लीतली एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आली. पोर निळं-काळं होईपर्यंत रडत होतं.

"बीबी आजारी आहेत," गझाला दारातून म्हणाली.

"मग तुम्हीच फुंका नं, बीबी," ती बाई म्हणाली. "तुम्हीबी तं सय्यदाच्याच हाये."

गझालानं पोराकडे पाहिलं. मग मोरीत गेली, वजू करून आली, पोराला मांडीवर घेतलं. आयत म्हणत तिनं पोराच्या कपाळावर हळूच फुंकर घातली. पोर थकून गप्प झालं. बाईनं वाकून गझालाचा हात डोळ्यांना लावला. गझालानं हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. तो तसाच राहू दिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

रजईतून हलीमा पाहत होती. या वयात तिचंही असंच झालं होतं. असाच एक दिवस होता, एक बाई अशीच वाकली होती, आणि तिला कळलं होतं की आता आपण कोणाची बायको होणार नाही, कोणाची आई होणार नाही, आता आपण हेच. तेव्हा तिनं मनाला समजावलं होतं की हा मान आहे. आज समोर दुसऱ्याच्या तोंडावर तेच पाहताना तिला त्यात मान कुठे दिसेना. तिला फक्त एक तरुण मुलगी दिसली, जिच्या मांडीवर दुसऱ्याचं लेकरू होतं.

ताप उतरला तशी हलीमा उठली. जफरला काही सांगितलं नाही, गझाला शाळेत होती. तिनं बुरखा घातला आणि पिंजारपुऱ्याच्या वाटेनं निघाली. आर्णीत जन्म गेला, पण त्या गल्लीत तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिकडच्या बाया तिच्याकडे येत, ती तिकडे जात नसे. जाताना ती मनात बोलायचं जुळवत होती. जैतुनबी, माझं चुकलं. पोरगी तुमची आहे. नाही, चुकलं म्हणायचं नाही, नुसतं म्हणायचं, आमची मर्जी आहे. नाही, चुकलंच म्हणायचं.

घर सिमेंटचं, नव्यानं रंगवलेलं होतं. बाजूच्या पडवीत तनवीरचे काका मशीनवर कापूस पिंजत होते, हवेत बारीक तंतू तरंगत होते. हलीमाला दारात पाहून त्यांनी मशीन बंद केलं आणि उठून उभे राहिले. आतून जैतुनबी आली ती धावतच.

"या अल्लाह! बीबी माया घरी?" तिनं ओढणीच्या पदरानं खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. शेजारणीला हाक मारली, सरबत सांगितलं. हलीमा खुर्चीवर बसली. जैतुनबी खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जैतुनबी, मी एक बोलायला आले होते," हलीमानं सुरुवात केली.

"बोलाचं मंग, बीबी. आधी माया ऐका. लय दिवसांचं ओझं हाये मायावर." जैतुनबीनं हात जोडले. "त्या दिवशी मी मागनं घेऊन आली, थे मले शोभलं नाई. पोराच्या नादानं आम्ही आमची पायरी सोडली. तुम्ही नाई म्हनल्या थे बरं केलं. मी भिऊन होती, म्हनलं सय्यदाचं मन दुखवलं, आता माया लेकराच्या पाठीशी काय लागते. आज तुम्ही स्वतः चालत आल्या. तुमच्या मनात काही नाई, हे मले समजलं."

हलीमा खुर्चीत पुढे सरकली.

"अन् पाहा नं, पाय कसे लागले तुमचे," जैतुनबी डोळे पुसत हसली. "तनवीरचं जमलं. दारव्ह्याची पोरगी हाये, आपल्यातलीच. रमजानच्या आधी निकाह उरकतो. पोरगं तयार नव्हतं, म्या माया दुधाची आन घातली." ती उठली, आतून लाल कापडाची घडी घेऊन आली. नवरीच्या कपड्यांचा जोडा होता तो, जरीकाठाचा. तिनं तो हलीमाच्या मांडीवर ठेवला. "याले तुमचा हात लागू द्या, बीबी. दुवा करा."

हलीमानं त्या कापडावर हात ठेवला. जरी थंड होती. तिनं डोळे मिटले आणि दुवा म्हटली, पूर्ण म्हटली, एकही शब्द न गाळता. दारव्ह्याच्या त्या न पाहिलेल्या मुलीसाठी तिनं सुख मागितलं. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या होत्या, त्या आमीन म्हणाल्या.

परत निघताना तनवीर गल्लीच्या तोंडाशी भेटला. गाडी लावून तो उतरत होता. त्यानं सलाम केला आणि शेजारून चालायला लागला.

"बीबी, तुम्ही कायले आलत्या?" त्यानं विचारलं.

"दुवा द्यायला," हलीमा म्हणाली.

तो थांबला. हलीमाच्या चेहऱ्यावर पडदा होता, त्याला डोळेच दिसत होते. त्यातून त्याला काय समजलं कोण जाणे. "गझालाले सांगजा," तो म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सापडलं नाही. "नाही, राहू द्या," म्हणाला आणि मागे वळला.

संध्याकाळी गझाला आली तेव्हा हलीमानं तिला सांगितलं की आपण तिकडे गेलो होतो. गझाला पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"त्याचं ठरलं, मले माहीत हाये," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं. मीच म्हटलं त्याले, कर म्हणून."

"मी हो म्हणायला गेले होते, गझाला."

झाकण ठेवलेला हात तिथेच राहिला. गझालानं फुफीकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं. हलीमाला वाटलं आता ती ओरडेल, निदान रडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे तुम्ही मले सांगायला नको होतं, फुफी," गझाला म्हणाली आणि गॅस बंद केला.

ईद झाली. उन्हाळा सुरू झाला, आणि त्या उन्हात बुलढाण्याकडून एक स्थळ आलं. सय्यद. घराण्यात काझी होऊन गेलेले, शजरा चौकटीत लावलेला. मुलगा पंचेचाळिशीचा, कापडाचं दुकान, पहिली बायको वारलेली, दोन लेकरं शाळेत. पाहायला आला तेव्हा तो वाईट वागला नाही. चहा घेतला, जफरशी पावसाच्या अंदाजाबद्दल बोलला, दम लागला म्हणून खिशातला दम्याचा पंप काढून दोनदा ओढला. गझालाकडे त्यानं एकदाच पाहिलं, दुकानातला माल पाहावा तसं नाही, नुसतं थकल्यासारखं.

पाहुणे गेले. जफर अंगणात जाऊन बसला. हलीमा गझालाच्या मागे आतल्या खोलीत गेली.

"नको, बेटा. याला नाही म्हण," ती म्हणाली. "मी जफरला सांगते. तुझ्या जोडीचा नाही तो. दोन लेकरांचा बाप, वर आजारी."

गझाला ओढणीची घडी करत होती. "काहून, फुफी? सय्यदच हाये नं?"

"गझाला."

"बरोबरीचं स्थळ हाये. उतरून नाई जात मी." तिनं ओढणी पेटीत ठेवली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, हे हलीमाला शेवटपर्यंत आठवत राहिलं. तिनं ते अगदी सरळ, एखादा हिशेब पटल्यासारखं म्हटलं. "याले आता मी काय म्हणून नाई म्हणू?"

हलीमा बाहेर येऊन जफरजवळ उभी राहिली. "जफरमियाँ, हे लग्न नका लावू," ती म्हणाली.

जफरनं वर पाहिलं. वार्निशचे डाग पडलेली त्याची बोटं एकमेकांत गुंतलेली होती. "आपा, एकदा तुमचं ऐकलं मी," तो म्हणाला. "आता पोरीचं ऐकतो. ती होय म्हणते."

निकाह घरातच झाला, मोजक्या माणसांत. कुंदा आली होती. तिनं गझालाच्या हातात साडी दिली, तिला जवळ घेतलं आणि मागच्या दारानं गेली. हलीमाशी ती बोलली, पण पाहुण्याशी बोलावं तसं. दुपारच्या भाजून काढणाऱ्या उन्हात गाडी निघाली. गझालानं बापाच्या गळ्यात पडून रडायचं तेवढं रडून घेतलं. हलीमाच्या पुढे ती अदबीनं वाकली, आणि हलीमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना तिला अब्बांचा हात आठवला. तिनं आपला हात झटकन काढून घेतला. कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्यानंतर घरात दोन माणसं उरली. जफर सकाळी जाई, दुपारी जेवायला येई. पूर्वी तो दुकानातल्या गोष्टी सांगायचा, कोणाचा पंप कसा जळाला, कोण किती रडला. आता फार बोलत नसे. हलीमा त्याच्यासमोर ताट ठेवून पंखा त्याच्याकडे वळवी आणि भिंतीला टेकून बसे.

एकदा तो जेवत असताना गझालाचा फोन आला. हलीमानं घेतला. गझालानं बापाच्या बीपीच्या गोळीचं विचारलं, इकडच्या पाण्याचं विचारलं.

"तू बरी आहेस ना?" हलीमानं विचारलं.

"बरी हाये. घर मोठं हाये. लेकरं आपापलं करतात."

"आणि ते?"

"दुकानात असतात. रात्री त्यांले दम्याचा त्रास होतो, म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपतो लेकरांजवळ." मग ती म्हणाली, "ठेवतो, फुफी. दळण आणायचं हाये."

हलीमानं फोन खाली ठेवला. जफरनं घास हातात धरून विचारलं, "काय म्हणते?"

"बरी आहे म्हणाली."

जफरनं तो घास खाल्ला. पाणी प्यायला. मग हात धुता धुता, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मोठं खानदान भेटलं पोरीले. अब्बा असते तर खुश झाले असते."

हलीमा त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. तो टोमणा होता, की तिला धीर द्यायला बोलला, की त्याला खरंच तसं वाटत होतं, हे तिला त्या पाठीवरून कळेना. तिनं विचारलंही नाही. जफरनं गाडीची किल्ली घेतली आणि दुकानात गेला. हलीमानं ताट उचललं, मोरीत नेलं आणि घासायला बसली. भांडी थोडीच होती, पण ती बराच वेळ घासत राहिली.